आठव्या नंबरची कोच

हॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीतलं वॉफलचं यंत्र केव्हाचं बोंबलत होतं आणि त्याच्यासमोर उभ्या असलेल्या ब्रेनाचं लक्षच नव्हतं. आतलं वॉफल करपून धूर यायला लागला होता.

"अगं ए, हॉटेल पेटवतेस का?" मी झाकण उचललं.

"कोच! तुम्हालाच शोधत होते."

बत्तीस वर्षांची बाई, स्वतः लूप रिव्हर कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमची कोच, पण मला अजून कोचच म्हणते. चार वर्षं माझ्या हाताखाली खेळली आहे, सवय जात नाही. मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू. मला मूलबाळ नाही. तीस वर्षांत इतक्या पोरी माझ्या बेंचवर बसून गेल्या, पण वाढदिवसाला न चुकता फोन करणारी ही एकटी.

"काय झालं? चेहरा का असा पडलाय? कालची मॅच तर जिंकलीस."

"मॅचनंतर गॅविन भेटला." गॅविन म्हणजे तिच्या कॉलेजचा क्रीडा संचालक. "सोमवारी समिती बसतेय. माझ्या जागेची जाहिरात काढणार आहेत."

"जाहिरात? दुसऱ्या नंबरवर आणलीस की टीम!"

"पण हंगामीच आहे ना मी." ती इकडेतिकडे बघून हळू आवाजात बोलायला लागली. "कोच, तुम्हाला सांगितलं नव्हतं. ऑक्टोबरात मला कायम करणार होते. पत्र तयार होतं. मग ते नंबर पेपरात छापून आले. आम्ही आठव्या, सगळ्यात शेवटी. गॅविन म्हणाला, लीगमधल्या सगळ्या कोचना असं वाटतंय म्हणजे काहीतरी असेल, यंदा हंगामीच राहू दे. तेव्हापासून समितीच्या डोक्यात बसलंय की मी कच्ची आहे. आता दुसऱ्या आलो तर म्हणतात, नशीब."

"नशीब म्हणे! अठ्ठावीस मॅचेस नशिबावर होतात?"

"पण आज मी वर्षाची कोच झाले, तर जाहिरात निघणार नाही. गॅविन स्वतःच म्हणाला. त्या मानाच्या कोचला काढून दुसरा शोधायला गेलो तर पेपरवाले सोलून काढतील म्हणे." तिने माझा हात धरला. "माझ्या पोरी आहेत त्या, कोच. दुसऱ्या कुणाच्या हातात नाही देऊ शकत मी. तुम्ही मतदानाला आत असाल ना? बोलाल ना?"

"बोलेन," मी म्हटलं. पण तिच्याकडे न बघता मी करपलेलं वॉफल खरवडत होते.

कारण तो आठवा नंबर मी लावला होता.

आता हे नीट सांगायला हवं. आमच्या लीगमध्ये आठ कॉलेजं, सगळी नेब्रास्कातली. दर ऑक्टोबरात, सीझन सुरू व्हायच्या आधी, आठही कोच आपली स्वतःची टीम सोडून बाकीच्यांचे नंबर लावतात. कोण पहिली येईल, कोण शेवटची. त्याची बेरीज होऊन यादी पेपरात येते. मार्चमध्ये, शेवटच्या स्पर्धेसाठी सगळे एका हॉटेलात जमले की, त्याच आठ जणांनी वर्षाचा कोच निवडायचा. आणि निवडताना सगळ्यांचं माप एकच असतं: ऑक्टोबरात कितवी म्हटली होती आणि आली कितवी. आठवी म्हटलेली दुसरी आली, की कोच महान. पहिली म्हटलेली पहिली आली, तर कोचने त्यात केलं काय? असा आमचा न्याय. वर्षानुवर्षं चाललाय आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

ब्रेनाची टीम खरं तर तिसरी होती, डोळे मिटून सांगावं इतकी. चार चांगल्या मुली परत आल्या होत्या, मध्ये सहा फूट दोन इंचांची जोसी. पण त्यांचा जुना कोच ऑगस्टमध्ये अचानक दुसरीकडे निघून गेला आणि टीम ब्रेनाच्या गळ्यात पडली. मला धडकी भरली. मी स्वतः पहिल्या वर्षी दुसरी धरलेली टीम सहावी आणली होती आणि एप्रिलमध्ये मला नारळ मिळाला होता. त्या वेळी माझ्या आईने तीन आठवडे फोनवर एकच प्रश्न विचारला: आता काय करणार? ब्रेनाला ते नको. शेवटचा नंबर असला की वरचं सगळं फुकटचं, कुणी बोट दाखवत नाही. म्हणून मी तिघांना फोन केले. "जोसीचा गुडघा गेलाय म्हणे, खेळेल की नाही कुणास ठाऊक." गुडघा थोडा दुखतो एवढंच ब्रेनाने मला विश्वासाने सांगितलं होतं. मी तो पार मोडून टाकला. जोसी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस मॅचेस खेळली.

आणि त्या माझ्या शहाणपणापायी पोरीचं तयार पत्र फाटलं. मला आज सकाळी, करपलेल्या वॉफलसमोर कळलं.

साडेआठला आम्ही मागच्या बैठकीच्या खोलीत जमलो. लीगचा अध्यक्ष डेल ब्रँडवोल्ड याने कागद पसरले. आठ कोच गोल टेबलाभोवती, प्रत्येकासमोर कॉफी. आमच्याकडे चिठ्ठ्या नसतात. ज्यांची नावं पुढे येतात त्यांनी उठून बाहेर जायचं, उरलेल्यांनी तोंडावर बोलायचं आणि हात वर करायचा.

"नावं?" डेल म्हणाला.

"ब्रेना टिमरमन," कर्ट हॉफर लगेच ओरडला. कर्टचा आवाज म्हणजे कायम स्टेडियममध्ये असल्यासारखा.

"मार्लिस व्हॉसलर," डीड्रा पेटवे म्हणाली.

मार्लिस माझ्या शेजारीच होती. कॅल्डर कॉलेजला सत्तावीस वर्षं. दरवर्षी आम्ही तिला पहिली धरतो आणि दरवर्षी ती येतेही, म्हणून हा मान तिला एकदाही मिळालेला नाही. यंदा ती निवृत्त होणार होती. तिने आपला कप उचलला आणि उठता उठता म्हणाली, "लवकर आटपा रे बाबांनो, बारा वाजता माझी मॅच आहे." ब्रेना तिच्या मागून गेली. दाराला उभी काचेची पट्टी होती. त्यातून मला ब्रेनाचा खांदा आणि अर्धा कान दिसत होता.

आत सहा जण उरलो: मी, कर्ट, डीड्रा, म्हातारा सिग ओस्टरग्रेन, आणि दोन नवे कोच, लीन आणि टॉड, जे अजून कुणाच्या बाजूने बोलावं याचा अंदाज घेत होते.

"यात बोलायचं काय आहे?" कर्टने सुरुवात केली. "आठवी टीम दुसरी आणली पोरीने. सहा पायऱ्या! आपल्या लीगमध्ये सहा पायऱ्या कुणी चढलंय का आजवर? डेल, सांग."

"नाही," डेल म्हणाला.

"झालं तर मग. मार्लिसने काय केलं? पहिली होती, पहिली आली. माझी आजीसुद्धा जिंकली असती त्या पोरी घेऊन."

"तुझ्या आजीला आण मग पुढच्या वर्षी," डीड्रा म्हणाली, "तुझ्यापेक्षा बऱ्या मॅचेस जिंकेल." टॉड फिस्सकन हसला आणि कर्टने बघताच गप्प झाला. डीड्रा पुढे झुकली. "कर्ट, नाताळात तिची सगळ्यात चांगली मुलगी पडली. सीझन संपला तिचा. आठवतंय? मार्लिसने पहिल्या वर्षाच्या पोरीला उभं केलं तिच्या जागी आणि त्यानंतर एक मॅच हरली. एक! आपण दरवर्षी बरोबर ओळखतो की ती पहिली येणार, आणि आपण बरोबर ओळखलं म्हणून तिला शिक्षा करतो. सत्तावीस वर्षं! लाज वाटत नाही आपल्याला?"

"भावनेत येऊ नकोस."

"मी आकडे सांगतेय, भावनेत तू येतोयस."

"जनेल, तू काय गप्प?" कर्ट माझ्याकडे वळला. "तुझीच पोरगी आहे ना? बोल की!"

मी बोलले. चांगली बोलले. ऑगस्टमध्ये टीम हातात आली, तयारीला वेळ नाही, डोक्यावर हंगामीची टांगती तलवार, आणि तरी पोरींचा तिच्यावर किती जीव. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त "आठवी" हा शब्द मी एकदाही उच्चारला नाही. तो कर्ट माझ्या वतीने उच्चारत होता. मी बोलत होते आणि काचेत ब्रेनाचा खांदा हलत होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर. मार्लिस तिला काहीतरी सांगत असावी, कारण एकदा ती हसल्यासारखी वाटली.

"हात," डेल म्हणाला. "ब्रेना?"

मी, कर्ट, टॉड.

"मार्लिस?"

डीड्रा, सिग आणि लीन.

"तीन-तीन." डेलने चष्मा काढला. "बरोबरी झाली की मागच्या वर्षीच्या विजेत्याने ठरवायचं. म्हणजे जनेल, तू."

मागच्या वर्षीची मी. चौथी धरलेली टीम पहिली आणली होती. एक शब्द टाकला की झालं. सोमवारी जाहिरात नाही, पोरगी कायम, मी केलेली घाण मीच निस्तरली, कुणाला कळायचं कारण नाही. तोंड उघडलंसुद्धा होतं मी.

"एक मिनिट," सिग म्हणाला. सिग शहात्तरचा आहे, सावकाश बोलतो, आणि आम्ही सगळे त्याचं वाक्य संपायची वाट बघायला शिकलोय. "मी मघापासून आठवतोय. मी त्या मुलींना शेवटी का टाकलं होतं? चार तर परत आल्या होत्या." तो माझ्याकडे बघत होता, पण संशयाने नाही, खरंच आठवत होता बिचारा. "हां. जनेल, तू फोन केला होतास. उंच पोरीचा गुडघा गेलाय म्हणून."

डीड्राची मान गर्रकन वळली. "तुलाही केला होता? मलाही केला होता."



"मलाही सांगितलं होतं," कर्ट म्हणाला. "त्यात काय झालं? ऑक्टोबरात सतरा अफवा फिरतात. ऐकलं असेल कुठेतरी, सांगितलं असेल. हो ना, जनेल?"

कर्टने दार सताड उघडून दिलं होतं. "हो, कानावर आलं होतं" एवढं म्हटलं असतं तर डेलने मान डोलावली असती आणि पुढे गेला असता. डीड्रानेही ऐकून घेतलं असतं, कदाचित. मी काचेकडे बघितलं. आता तिथे खांदा नव्हता, ब्रेनाचा चेहरा होता. तिला आतलं ऐकू येत नव्हतं, पण सगळे माझ्याकडे बघतायत एवढं दिसत होतं, आणि तिला वाटलं असणार, कोच माझ्यासाठी भांडतायत. तिने हळूच अंगठा वर केला.

त्या अंगठ्याने माझा जीव घेतला.

"अफवा नव्हती," मी म्हटलं. "मी बनवली होती. गुडघा ठीक होता, मला माहीत होतं. तिला सोपं जावं म्हणून मी तिला तळाला ढकललं. ती आठवी कधीच नव्हती. तिसरी होती."

"आता सुचतंय हे तुला?" कर्टची खुर्ची मागे सरकली. "मी मूर्खासारखा सहा पायऱ्या, सहा पायऱ्या करत बसलोय!"

"मूर्खासारखा तू रोजच बसतोस," डीड्रा म्हणाली, पण तिचे डोळे माझ्यावर होते आणि त्यात थट्टा नव्हती. "जनेल, अगं काय केलंस हे? आम्हाला तिघांना वेड्यात काढलंस."

"हो."

"तिला माहीत आहे?"

"नाही. तिला यातलं काही माहीत नाही. तिचं नाव यात ओढू नका."

डेलने कागदावर माझं नाव खोडलं. मग तो म्हणाला, "तुझं मत मी धरू शकत नाही. पहिलंही नाही आणि बरोबरी मोडणारंही नाही. तीन विरुद्ध दोन. मार्लिस." त्याने ते लिहून टाकलं. पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज मला अजून आठवतो.

दोघी आत आल्या. डेलने मार्लिसला सांगितलं, आणि का, तेही सांगितलं. लपवणं त्याच्या स्वभावात नाही. मार्लिसने खुर्चीची पाठ धरली. मला वाटलं, आता ती मोठेपणा दाखवेल, नको म्हणेल, पोरीला द्या म्हणेल. मनातल्या मनात मी तिच्या पाया पडत होते.

"मी घेणार," ती म्हणाली. "जनेलने कसं का मिळवून दिलं असेना. सत्तावीस वर्षं मी या दाराबाहेर कॉफी गार केली आहे. मी घेणार आणि मानपत्र घरी दिवाणखान्यात लावणार." मग तिने ब्रेनाच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

ब्रेना माझ्याकडे बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. मॅचच्या शेवटच्या मिनिटाला कोर्टवरची मुलगी समजत नाही अशी खूण करते तेव्हा कोच जसा बघतो, तशी ती बघत होती.

"बाहेर या जरा," ती म्हणाली.

बर्फाच्या यंत्राजवळ आम्ही उभ्या राहिलो. मला वाटलं होतं ती ओरडेल. मीही ओरडायच्या तयारीत होते. मला ओरडणं जमतं, माफी मागणं जमत नाही.

"गुडघ्याचं मी तुम्हाला सांगितलं होतं," ती म्हणाली. "फक्त तुम्हाला."

"हो."

"आमच्या लॉकर रूमच्या दाराला आठचा आकडा लावलाय. पोरी मॅचला जाताना त्याला हात मारून जातात. मी लावलाय तो. सबंध वर्ष मी त्यांना सांगत आले, बाहेर जगाला वाटतं तुम्ही सगळ्यात शेवटच्या आहात, जा आणि दाखवा जगाला. आणि जग म्हणजे तुम्ही होतात?"

"ब्रेना, माझ्या मनात..."

"मनात काय होतं ते कळतंय मला. तुम्हाला वाटलं, हिला जमणार नाही."

"तसं नव्हतं गं!"

"तसंच होतं. जमेल असं वाटलं असतं तर मी पडेन म्हणून गादी कशाला अंथरली असती?"

 ऑक्टोबरात, फोन हातात घेताना, मला खरंच तसंच वाटलं होतं. मी ते स्वतःलाही कबूल केलं नव्हतं आणि या पोरीने उभ्या उभ्या बाहेर काढलं.

"मी गॅविनला फोन करते," मी खिसे चाचपायला लागले. "आत्ता. सगळं सांगते. माझी चूक आहे, तुझी नाही. नंबर खोटा होता, त्यावरून तुला अडवू नका म्हणते."

"आणि मग?" ती हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "नंबर खोटा होता म्हटलं की मी काय केलं उरतं? तिसरी टीम दुसरी आणली. एक पायरी. समिती म्हणेल, एक पायरी तर कुणीही चढतं. तुम्ही खोटं बोललात तेव्हा मी कच्ची ठरले. आता खरं बोललात तर मी साधी ठरले. माझं जे काही होतं, ते दोन्ही वेळा तुम्हीच ठरवलंत, कोच."

माझे डोळे भरून आले. मी रडत नाही, लोकांना माहीत आहे. त्या दिवशी बर्फाच्या यंत्रासमोर, हॉटेलची झाडूवाली बाई बघत असताना, मी नाक पुसलं.

"फोन मी करेन," ती म्हणाली. "माझा आहे तो. तुम्ही काही करू नका. अजिबात काही करू नका. फक्त एक. दोन वाजता आपली मॅच आहे. माझ्यावर दया दाखवून एक जरी मुलगी बेंचवर बसवून ठेवलीत, तर मला कळेल. मी तुमच्याच हाताखाली शिकलेय."

आणि ती गेली.

हो, सेमीफायनल आमचीच होती, तिची आणि माझी. हे सांगायचं राहिलंच. दुपारी पोरी हॉटेलात राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे गोड रोल चापत होत्या आणि मी बसमध्ये एकटी बसून, कुणालाही तोंडाने कबूल करणार नाही असा विचार करत होते. ती आज जिंकली तर फायनलला जाईल. गॅविन पुढच्या रांगेत असेल. फायनलला गेलेल्या कोचला काढणं त्यालाही जड जाईल. मला फक्त थोडं सैल सोडायचं होतं. कुणाला कळलंही नसतं. फक्त तिला कळलं असतं.

मला तिच्या टीमचं एक दुखणं ठाऊक होतं. चेंडू पुढे आणणारी त्यांची पहिल्या वर्षाची पोर, तिचा डावा हात कच्चा. तिला डावीकडे रेटलं की ती गडबडते. उरलेल्या सहा कोचना हे दिसलं नव्हतं. मला दिसलं, कारण ब्रेनाला मीच तसं बघायला शिकवलं होतं आणि ती ते कसं झाकत होती ते मला ओळखता येत होतं.

मॅचच्या चारपैकी पहिल्या तीन भागांत मी ते वापरलं नाही. स्वतःला म्हटलं, गरज नाही. चौथ्या भागात आम्ही सातने मागे. पाच मिनिटं उरली. समोरच्या बेंचवरून ब्रेनाने माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं की मी काय करत नाहीये ते तिला समजलंय. ती संतापाने लाल झाली होती. सकाळी सगळं कळलं तेव्हासुद्धा झाली नव्हती इतकी.

मी टाइमआउट घेतला. "डावीकडे रेटा तिला," मी पोरींना सांगितलं. "दोघी जा अंगावर. सोडू नका."

चेंडू चार वेळा सुटला त्या पोरीच्या हातून. चौथ्या वेळी ती रडायच्या बेताला आली, पण मी "रेटा, रेटा" असं ओरडत राहिले, घसा फुटेस्तोवर. ब्रेनाने तिला बाहेर काढलं नाही. तिच्याजवळ गेली, दोन्ही गाल धरून काहीतरी बोलली आणि परत पाठवलं. त्यानंतर त्या पोरीने चेंडू सोडला नाही, शेवटपर्यंत. पण वेळ संपला होता. आम्ही तीन पॉइंटनी जिंकलो.

हात मिळवायला रांग लागली. ब्रेनाचा हात माझ्या हातात आला, घट्ट. "चांगली मॅच," ती म्हणाली, जसं कुणालाही म्हणतात, आणि माझ्या पुढच्या मुलीकडे वळली. मागे गॅविन आपला कोट चढवत होता आणि घड्याळ बघत होता.

सोमवारी जाहिरात निघाली. अकरा अर्ज आले, त्यात एक तिचा. हे मला मार्लिसने सांगितलं. तिचा एका संध्याकाळी फोन आला, आणि आधी हवापाणी, मग दिवाणखान्यातल्या भिंतीवर ते मानपत्र कुठे लावलं ते, मग जरा घुटमळली.

"जनेल, तुला दुसरीकडून कळण्यापेक्षा मीच सांगते. आपल्याबद्दल कुणाला विचारावं, त्यांची तीन नावं द्यावी लागतात ना अर्जात. तिने माझं दिलंय. समितीचा फोन आला होता मला. वीस मिनिटं बोलले मी."

"बाकीची दोन?"

"डीड्रा. आणि सिग."

दहा वर्षं तिच्या प्रत्येक अर्जावर पहिलं नाव माझं असायचं. मी फोन कानाला धरून स्वयंपाकघरात उभी राहिले.

"काय सांगितलंस तू त्यांना?" मी विचारलं.

"जे बघितलं ते. रडवेल्या पोरीला परत मैदानात पाठवायला काय लागतं, ते मला माहीत आहे म्हटलं. बाहेर काढणं सोपं होतं."

एप्रिलच्या मध्यावर ब्रेना टिमरमन लूप रिव्हर कॉलेजची कायम कोच झाली. मला तिचा फोन आला नाही. मी पेपरात वाचलं, सगळ्यांनी वाचलं तसंच. आधी आनंदाने ओरडले, मग खुर्चीत बसून खूप रडले.